उरलेली चार वाक्यं

सक्करदरा, नागपूर
शनिवार, १५ फेब्रुवारी १९८६

प्रिय अरुंधती,

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. एरवी तुझं कार्ड आलं की त्याच संध्याकाळी माझी लाल पेन्सिल फिरते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाता जाता ते परत टपालपेटीत पडतं. या वेळी तीन दिवस झाले, ते टेबलावर पडून आहे आणि मी त्याला खूण केलेली नाही. मावशी आजारी पडली की काय, असं तुला वाटलं असेल. आजारी नाही. डोळ्यात मोतीबिंदू आहे, धंतोलीतल्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे, चाळिशीत जरा लवकरच, पण तेवढं चालायचंच. कार्ड अडून बसलं आहे ते दुसऱ्याच कारणाने. ते सांगायचं तर तुझ्या आईबद्दल तुला लहानपणापासून जे सांगत आलो ते आधी खोडावं लागेल, आणि खोडण्यात माझा हात कितीही सराईत असला तरी हे मी आजवर खोडलेलं नाही. तुझी आजी होती तोवर माझी हिंमत झाली नाही. तिला जाऊन आता वर्ष होईल. ऐकायला तू आहेस आणि सांगायला मी, तिसरं कुणी उरलं नाही.

तुझी आई आणि मी एका भिंतीच्या दोन बाजूंना वाढलो. दोघींचीही शाळा आठवीनंतर सुटली. माझी आई अंथरुणाला खिळली म्हणून माझी, आणि पोरीच्या जातीला पुष्कळ झालं म्हणून गोपिकेची. पुढे एकसष्ट साली आमच्या गल्लीच्या टोकाला ताराचंद मास्तर राहायला आले. जबलपूरकडचे, डाकगाडीतल्या नोकरीतून रिटायर झालेले. त्यांनी घराच्या व्हरांड्यात दर रविवारी दुपारी मुलींना इंग्रजी शिकवायला सुरुवात केली, म्हणजे घरी बसलेल्या पोरी बाहेरून मॅट्रिकला बसतील. आम्ही सहा जणी होतो. मास्तरांकडे तीनशे इंग्रजी वाक्प्रचारांची हाताने लिहिलेली एक वही होती. त्यांना ते मुहावरे म्हणत. हे तीनशे मुहावरे ज्या मुलीला येतील तिला परीक्षेत कुणी अडवू शकत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. ते आधी इंग्रजी सांगत, मग हिंदीत अर्थ, आणि मग प्रत्येकीने त्याचं एक वाक्य करायचं. व्याकरण नाही, धडे नाहीत, कविता नाही. तीनशे मुहावरे आणि तीनशे वाक्यं, बस्स.

एका रविवारी 'टू किक द बकेट' निघालं. बादलीला लाथ मारणे, म्हणजे मरणे. आम्ही सहाही जणी वेड्यासारख्या हसलो, कारण कुणाच्याच डोक्यात शिरेना की बादलीने काय बिघडवलं. मी वाक्य केलं, माझे काका काल बादलीला लाथ मारून गेले, आणि खाली काकांचं नाव सुद्धा घातलं, भैय्याजी. मास्तरांनी त्यावर मोठी खूण केली आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. पण माझी वही चुलतभावाच्या हाती लागली, त्याने अर्थ लावला आणि काकूला सांगितला. भैय्याजी काका तेव्हा पलीकडच्या खोलीत पाटावर बसून जेवत होते. काकूने जो गळा काढला तो अर्ध्या गल्लीने ऐकला. माझ्या आईने आजारपणातून उठून मला दोन ठेवून दिल्या आणि माझा हात धरून मास्तरांकडे नेलं. मास्तर शांतपणे म्हणाले, बाई, पोरीचं काही चुकलं नाही, वाक्य खरं नसतं, वाक्य बरोबर असतं. ते मला इतकं आवडलं की मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढे मी स्वतः बाई झाले तेव्हा माझ्या प्रत्येक वर्गाला तेच सांगत आले. तुलाही सांगितलं आहे. तू लहानपणी विचारायचीस, मावशी, मी कधी आगगाडीतून पडले नाही, तर तसं लिहू कशी, आणि मी म्हणायचे, लिही गं, तुला कोण पोलिसात नेतंय.

गोपिकेला मात्र खोटं वाक्य कधी जमलंच नाही. तिची वाक्यं सगळी घरची, गोठ्यातली, तुझ्या आजोबांच्या शेतातली. एकदा 'टू बी ॲट द एन्ड ऑफ वन्स टेदर' आलं. त्याचा अर्थ मास्तरांनाच सांगता येईना. सहनशक्ती, मर्यादा, असं काहीतरी हिंदीत बोलत राहिले. तेव्हा गोपिका म्हणाली, सर, हे तं सोपं आहे. गाय दाव्याले बांधली का ती चरत चरत दूर जाते. दावं संपलं का तिथंच उभी राहते. पुढचं गवत तिले दिसते, पण तोंड पोचत नाही. मग ती हिसका देते. दावं तुटलं तं ठीक, नाही तुटलं तं गळ्याले आवळते. मास्तरांनी आपल्या वहीत तिचा अर्थ लिहून घेतला. तीनशेपैकी हा एकच मुहावरा मास्तर आमच्यापैकी कुणाकडून शिकले.

त्रेसष्टच्या मार्चमध्ये आम्ही परीक्षेला बसलो. मी पास झाले. गोपिका इंग्रजीत गेली, बाकी सगळ्या विषयांत सुटली. मे महिन्यात तिचं लग्न झालं, सावनेरकडे, तुझे बाबा चंपतराव तेव्हा कोळशाच्या खाणीत टाइमकीपर होते. लग्नाआधी त्यांनी कबूल केलं होतं की तिला ऑक्टोबरात पुन्हा परीक्षेला बसवतील. म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं की तिने दर पंधरा दिवसांनी कार्डावर पाच मुहावऱ्यांची पाच वाक्यं लिहून पाठवायची आणि मी लाल पेन्सिलीने तपासून तेच कार्ड पाकिटात घालून परत करायचं. तुझ्या सासरहून तू जी पद्धत सुरू केलीस ती तुझ्या आईची आहे, पोरी. तू मागच्या वर्षी काटोलहून लिहिलंस की मावशी, बी. ए. ला बाहेरून बसते, पंधरा दिवसांनी पाच वाक्यं पाठवत जाईन, तेव्हा मी आधी नाहीच लिहायला घेतलं होतं. पण नाही म्हणायला कारण काय देणार होते?

सुरुवातीची कार्डं गमतीची असत. सासूबाई राईचा पर्वत करतात. आमच्याकडे भाजी निळा चंद्र उगवला की होते, म्हणजे कधीतरीच. मी खाली लिहायची, छान, पुढे चला. ऑक्टोबर आला आणि गेला. तिचा फॉर्म भरलाच नाही. मग मार्च, मग पुन्हा ऑक्टोबर. यंदा नाही, पुढच्या खेपेला, असंच सगळं. मधे तुझा जन्म झाला. बाळंतपणाला आली ती दीड महिना राहिली आणि त्यानंतर तिला माहेरी पाठवलंच नाही. तुझी आजी रोज भिंतीपलीकडून विचारायची, वच्छले, माह्या पोरीले काहून पाठवून नाही राहिले वं ते लोक, तुले लिहिते का काही? मी सांगायची, लिहिते की, मजेत आहे, अभ्यास करून राहिली आहे. कार्डं येतच होती ना. परीक्षा नसताना, फॉर्म भरलेला नसताना चार वर्षं दर पंधरा दिवसांनी कोण अभ्यास करतं? हा प्रश्न मला आज पडतो. तेव्हा पडला नाही. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की तिची वाक्यं सुधारली आहेत.

कारण वाक्यं खरंच सुधारली होती. मी पातळ बर्फावर चालते आहे, असं तिने लिहिलं तेव्हा मी बाजूला लिहिलं, सावनेरात बर्फ कुठला, तरी उत्तम. मग आलं, त्याने माझ्याकडे बहिरा कान केला, म्हणजे ऐकूनच घेतलं नाही. मग, मी सैतान आणि खोल समुद्र यांच्या मधे आहे, म्हणजे दोन्हीकडून कोंडी. मला वाटलं, आली बरं का अखेर गाडी रुळावर, गोपिका मनाने रचायला शिकली. मला अभिमान वाटायचा. मास्तरांना दोन कार्डं दाखवली, ते म्हणाले, लडकी होशियार है. साधं बंद पत्र तिने का लिहिलं नाही, असं तू विचारशील. बंद पत्र त्या घरात कुणी तिला टाकू दिलं नसतं. उघडं कार्ड, त्यावर इंग्रजी, अभ्यासाचं, त्याला कुणाची हरकत नव्हती. तुझ्या बाबांना थोडं इंग्रजी वाचता यायचं, पण वाक्प्रचाराचा अर्थ त्यांना कुठून लागणार? लागला असता तो एका माणसाला. ते माणूस मी होते, आणि मी खुणा करत बसले.

सदुसष्ट साली मी नवी नवी बाई झाले होते. ट्रेनिंग झालेलं, शाळा लागलेली, पर्समध्ये दोन लाल पेन्सिली. दिसेल त्या कागदावर माझा हात शिवशिवायचा. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात गोपिकेचं कार्ड आलं. टेबलावर सातवीच्या साठ वह्यांचा ढीग होता. कार्डावर पाचऐवजी एकच वाक्य होतं. आय ॲम ॲट द एन्ड ऑफ माय टेदर. बाकी सगळं कार्ड कोरं. अरुंधती, मी त्या वाक्यापुढे खूण केली आणि खाली लिहिलं, वाक्य बरोबर आहे, उरलेली चार कुठे, आळस नको. पाकीट बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी पेटीत टाकलं. ज्या मुलीने आख्ख्या वर्गाला त्या दाव्याचा अर्थ सांगितला होता तिला मी हे लिहिलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळी गोपिका गेल्याचा निरोप आला. पाणी आणायला गेली होती, विहिरीवर पाय घसरला. तुलाही आम्ही आजवर एवढंच सांगत आलो. गल्लीत पोरं लाकडाचे बैल सजवत होती आणि तुझी आजी दारात बसून एकच म्हणत होती, माही पोर दहा वर्षांची असल्यापासून विहिरीचं पाणी ओढून राहिली, तिचा पाय घसरते कसा? पाय घसरला, की तिने स्वतःला झोकून दिलं, की आणखी काही झालं, मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी तुला सांगणार नाही. मला जे माहीत आहे ते एवढंच. तेराव्यानंतर तुझ्या आजीने तुला आणि तुझ्या आईची पेटी इकडे आणली. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून पेटी मी उघडली. लुगड्यांच्या घडीत सगळी कार्डं तारखेप्रमाणे लावलेली होती. सगळ्यात वर शेवटचं होतं, पाकिटासकट. पाकिटाच्या पाठीवर सावनेरचा ठप्पा होता, पोळ्याच्या आदल्या दिवसाचा. म्हणजे ते तिच्या हाती पडलं होतं. तिने ते उघडून वाचलं होतं.

आता याहून वाईट सांगते. ती कार्डं मी त्याच दिवशी कुणालाही दाखवू शकत होते. तुझ्या आजोबांना, पोलिसपाटलाला, वकिलाला. चार वर्षं एक बाई काय सांगत होती ते त्यात तारीखवार होतं. तुझ्या आजोबांनी मला विचारलंही, वच्छला, त्यात काही लिहून आहे का. मी म्हटलं, नाही काका, नुसता अभ्यास आहे. मला तुझ्या बाबांची भीती वाटली नाही, बदनामीचीही नाही. मला माझ्या लाल अक्षरांची लाज वाटली. कार्डं दाखवली असती तर ती अक्षरंही सगळ्यांनी वाचली असती. एवढ्यासाठी मी गप्प बसले, आणि तुझे बाबा पुढच्या वर्षी दुसरं लग्न करून मोकळे झाले. तुला ते दिवाळीला साडी पाठवतात आणि तू ती नेसतेस. ती नेसलेली तुला पाहून दरवेळी मी तोंड फिरवलं आहे, आणि तू समजलीस की मावशीला रंग आवडला नाही.

तू माझ्या अंगाखांद्यावर वाढलीस असं लोक म्हणतात. मी लग्न केलं नाही ते तुझ्यासाठी, असंही म्हणतात. लोकांना काय, काहीही म्हणतात. मी तुला शिकवलं ते प्रेमाने, हे खरं, पण त्यात फेडही होती, आणि फेडता फेडताही मी तेच शिकवलं जे शिकवायला नको होतं. वाक्य बरोबर असलं म्हणजे झालं. तुझं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या आजीच्या समाधानात मला बोलता आलं नाही. मुलगा बँकेत, घरच्या संत्र्याच्या बागा, माणसं गोड बोलतात. मी दोनदा तुझ्याकडे येऊन गेले, दोन्ही वेळा तुझ्या सासूबाई क्षणभरही उठून गेल्या नाहीत. तू या दिवाळीला आली नाहीस. संक्रांतीलाही नाही. कार्डं मात्र वेळेवर येत राहिली, पाच पाच वाक्यांची, स्वच्छ अक्षरातली, आणि मी प्रत्येक वाक्य दोनदा वाचत राहिले. एकदा तपासायला आणि एकदा घाबरत. त्यात काही सापडायचं नाही. मग रात्री झोप लागायची.

बुधवारच्या कार्डावर एकच वाक्य आहे. माय बॅक इज टु द वॉल. पाठ भिंतीला टेकली आहे. बाकी कार्ड कोरं. माझा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला, तो मी मागे घेतला. कदाचित तुला घाई असेल, कदाचित पाहुणे आले असतील, कदाचित हे नुसतं परीक्षेचं वाक्य असेल. पण अंदाज करण्याचा हक्क मी सदुसष्ट साली घालवला. म्हणून हे पत्र मी टपालात टाकत नाही. उद्या रविवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी गणेशपेठेहून निघते, दहापर्यंत तुझ्या दारात असेन. परीक्षेच्या नोट्स द्यायला आले म्हणेन आणि गाईडच्या पुस्तकात घालून हे तुझ्या हातात देईन. तू परसात जाऊन सावकाश वाच, तोवर मी सासूबाईंशी संत्र्याच्या बहराबद्दल बोलत बसते, मला दिवसभर बोलता येतं. ते नुसतं वाक्य असेल तर तू चहा घेऊन बाहेर ये. मी तो पिईन, तुझ्या शिव्या खाईन आणि आनंदाने एकटी परत जाईन. आणि ते खरं असेल तर काही समजावू नकोस, पिशवी भरूही नकोस, चपला घालून ये. परीक्षेच्या फॉर्मवर सही करायला मावशीबरोबर नागपूरला जाते, एवढंच सांग, पुढचं मी बोलेन. आईची कार्डं घरी तुझ्यासाठी काढून ठेवली आहेत, लाल अक्षरांसकट. दुसरी खाट झटकून ठेवली आहे, गोळाभाताची डाळ भिजवून ठेवते. तुझ्या कार्डावर मी खूण करणार नाही. उरलेली चार वाक्यं तू मला तोंडीच सांग, आणि मराठीत सांग.

उशिरा का होईना, तुझीच,
वच्छलामावशी